बाईच्या हातचं पुडिंग

ओव्हन लागत नाही, भट्टी लागत नाही, आणि खरं सांगायचं तर अक्कलही फार लागत नाही. मारी बिस्किटं, चक्का, पिठीसाखर आणि फळं. एक थर याचा, एक थर त्याचा, वरून फळं मांडायची आणि चार तास फ्रिजमध्ये ठेवायचं. संपलं. एवढ्याशा गोष्टीचं रायपुरात इतकं कौतुक झालं की मला आता त्या कौतुकाचाच वीट आला आहे. अजूनही कोणी लग्नात, वाढदिवसात गाठून विचारतं, ‘आंटीजी, वो बिना ओव्हन वाला पुडिंग कैसे बनाते हैं?’ मी सांगते. सगळं सांगते, हातचं काही राखत नाही. पण त्या पुडिंगपायी माझं काय गेलं ते आजवर कोणाला सांगितलं नाही. आता सत्तरी उलटली, आता कोणाची भीड धरू? ऐका तर मग.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. बाबा रेल्वेत होते म्हणून रायपूरचे झालो. गुढियारीला दोन खोल्यांचं घर होतं, समोरून दिवसभर मालाचे ट्रक जायचे आणि धूळ सरळ पोळपाटावर यायची. आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि माझा भाऊ पाच वर्षांचा. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही आणि मी पहिलं केलं नाही. लोक म्हणतात, केवढा हा त्याग! त्यागबिग काही नव्हता हो. रोज सकाळी एका पोराला न्हाऊमाखू घालायचं, त्याचं दप्तर भरायचं, विसरलेला डबा घेऊन त्याच्या मागे धावायचं, यात दहाबारा वर्षं निघून गेली. डोकं वर करून पाहिलं तेव्हा स्थळं यायची बंद झाली होती.

तो मला बाई म्हणायचा. आमच्या नागपूरकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. पुण्याकडची ती ताई, आमची ती बाई. आई गेल्यावर त्याच्याकडे हाक मारायला हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी बाई, पडला तरी बाई, आणि परीक्षेत पहिला आला तर गल्लीच्या तोंडापासून ‘बाई, बाई’ करत पळत यायचा. पुढे मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवायला लागले, तिथेही पोरं बाईच म्हणायची. घरी बाई, शाळेत बाई. माझं पाळण्यातलं नाव रेशन कार्डावर तेवढं राहिलं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. माझा सगळा मान त्या एका शब्दात होता.

आता रायपूरच्या हिंदीत बाई म्हणजे कोण, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. भांडी घासते ती बाई, लादी पुसते ती बाई. ‘हमारी बाई आज नहीं आई’ हे वाक्य जन्मभर ऐकलं. पण गुढियारीच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, शेंबड्या पोरालाही माहीत होतं की या मराठी घरातली बाई म्हणजे शिकवणारी मोठी बहीण. तिथे कोणाला कधी समजावून सांगावं लागलं नाही.

मग राज्य वेगळं झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसवलं. जिथे आम्ही खोकल्याचं औषध आणायला जायचो तिथे फायली फिरायला लागल्या. भाऊ एका खात्यात बाबू होता, त्याला मंत्रालयात बोलावणं आलं. कायमचं नव्हतं ते. पसंत पडला तर ठेवणार, नाही तर कुठल्या तरी जिल्ह्यात पाठवणार. ठेवायचं की पाठवायचं हे ज्याच्या हातात होतं तो साहेब भोपाळहून आला होता. भावाने लगोलग चौबे कॉलोनीत घर भाड्याने घेतलं. ‘साहेब लोक घरी येतीन बाई, गुढियारीत कुठं बसवू त्यायले?’ म्हणाला. बाबा तोवर गेले होते, माझी शाळाही पोरांवाचून बंद पडली होती. भाऊ, भावजय, त्यांची दोन पोरं आणि मी, असं आम्ही बिऱ्हाड हलवलं. चौबे कॉलोनीत आम्हाला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं.

भोपाळच्या लोकांना इथे करमत नव्हतं. तलाव नाही, डोंगर नाही, धुळीने नाक काळं होतं, दुकानं नऊला बंद. म्हणून मग पार्ट्या. दर पंधरवड्याला कोणाच्या तरी घरी. साहेबाची बायको, तिला सगळे मॅडम म्हणायचे, प्रत्येक पार्टीत एकच रडगाणं गायची, ‘यहाँ तो ढंग का डेज़र्ट भी नहीं मिलता.’ आणि एका संध्याकाळी भाऊ घरी येऊन म्हणाला, पुढची पार्टी आपल्याकडे आहे.

भावजय घाबरली. बिचारी स्वयंपाकाला वाईट नव्हती, पण साहेबीणबाईंच्या पुढे गुलाबजाम ठेवायची तिची हिंमत होईना. मी म्हटलं, थांब, मी पाहते. शाळेत असताना एका मासिकातून कापून ठेवलेली कृती माझ्याकडे होती. त्यात क्रीम लिहिलं होतं. रायपूरच्या उकाड्यात बाजारातलं क्रीम घरी येईस्तोवर आंबायचं. मग मी क्रीमच्या जागी चक्का घेतला. रात्रभर दही मलमलच्या फडक्यात टांगायचं, सकाळी तो चक्का पिठीसाखरेत घोटून घोटून अगदी लोण्यासारखा करायचा. म्हणजे काय, श्रीखंडच हो ते, इंग्रजी कपडे घातलेलं!

पहिला प्रयोग फसला. अननसाचे कच्चे तुकडे घातले आणि चार तासांनी चाखलं तर कडूजहर. भाऊ तोंड वाकडं करून म्हणाला, ‘बाई, साहेबाले मारून टाकतं काय?’ आम्ही तिघं पोट धरून हसलो. मग मला अक्कल आली. कच्चं अननस दह्यादुधाला कडू करतं. ते साखरेत पाच मिनिटं उकळून घ्यायचं, आणि त्याच पाकात बिस्किटं बुडवायची. दुसऱ्या खेपेला बरोबर जमलं. बिस्किटांचा थर, चक्क्याचा थर, मधे सीताफळाचा गर. सीताफळातली एक एक बी हाताने काढली, दुपारभर तेच केलं. वर डाळिंबाचे दाणे आणि नागपूरहून आलेल्या संत्र्याच्या सोललेल्या फोडी. काचेच्या भांड्यातून सगळे थर दिसत होते. मला माझंच कौतुक वाटलं, खोटं काहून बोलू?

पार्टीच्या दिवशी मी सकाळपासून स्वयंपाकघरात. अंगावर घरातलं सुती लुगडं, केसांना तेल, हात हळदीने पिवळे. बाहेर बारा माणसं जेवली. मग भावाने बैठकीतून हाक मारली, नेहमी मारतो तशी, ‘बाई, आण व ते पुडिंग!’

मी भांडं घेऊन बाहेर गेले. मॅडमनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. दुसरा घातला. मग माझ्याकडे न बघता भावजयीला म्हणाली, ‘भई वाह! आपकी बाई तो कमाल की है. हमारी तो दाल भी जला देती है.’

मी तिथेच उभी. आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा कान तापले. मी भावाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं, तो काही तरी बोलणारच होता. तेवढ्यात साहेब मोठ्याने हसला, ‘हमारी वाली से बदल लो यार!’ सगळे हसले. आणि भाऊ पण हसला. भावजय मान खाली घालून प्लेटा गोळा करायला लागली. मी रिकामं ताट उचललं आणि आत गेले. कामवालीने जावं तशीच गेले, हे मला नंतर जाणवलं.

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

‘बाई, तू मनावर नको घेऊ. त्यायले माहीत नाही न. मी सांगतो. मोका पाहून सांगतो.’

‘मोका कायचा पाहाचा त्यात? माही बहीण आहे म्हणायले किती टाइम लागते?’

‘सांगतो न व,’ तो म्हणाला.

मला त्याचं खरं वाटलं. माणूस गोंधळतो एखादे वेळी. मी त्या रात्री शांत झोपले. मूर्ख मी.

पुढचे सहा महिने मी एकाच वाक्याची वाट पाहिली. माझी काही मोठी मागणी नव्हती. मला कोणी सोफ्यावर बसवावं, हारतुरे घालावेत, काही नको होतं. त्याने त्या लोकांसमोर फक्त एवढं म्हणावं की ही माझी बहीण आहे. बस. पण पार्ट्या होत गेल्या आणि प्रत्येक पार्टीला पुडिंगची फर्माईश येत गेली. भाऊ स्कूटरवर पुढे डिक्कीला टेकवून काचेचं भांडं घेऊन जायचा आणि रिकामं घेऊन यायचा. मी दारातच विचारायची, ‘सांगितलं का?’ तो बूट काढण्यात गुंग असल्यासारखं करायचा. ‘आज फार लोक होते, बाई.’

एकदा पुन्हा आमच्याकडे पार्टी होती. मी ठरवलं, आता यांचे डोळेच उघडते. सगळं आधी आवरून ठेवलं, आंघोळ केली, बाबांनी माझ्या पहिल्या पगाराच्या वेळी घेतलेली नागपुरी रेशमी काठाची साडी नेसले, आणि चष्मा लावून बाहेर गेले. आता कोणी विचारेलच, या कोण म्हणून. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खुशीत म्हणाली, ‘अरे वाह बाई, आज तो बड़ी सज-धज के! मालकिन ने दी है क्या साड़ी?’

भाऊ खिडकीबाहेर पाहत होता. काय होतं हो खिडकीबाहेर? बिजलीचा खांब होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सोडलं नाही. पोरं अंगणात खेळत होती, भावजय ओट्याशी होती, मी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, ‘आता सांग, काहून सांगून नाही राहिला तू?’ आधी इकडचं तिकडचं बोलला. मग खरं बोलला. ‘बाई, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर झालं असतं. आता सांगितलं तर साहेब म्हणन, इतके दिवस काहून लपवलं? सगी बहीण घरात आणि तिले कामवाली समजू दिली? माह्याबद्दल काय वाटन त्याले?’

म्हणजे त्याला सगळं कळत होतं. केलं ते किती वाईट हे कळत होतं, आणि म्हणूनच तो ते निस्तरायला तयार नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भावजय म्हणाली, ‘मी फोन करून सांगते मॅडमले.’ तर तो तिच्यावर डाफरला, ‘तू मधात पडू नको!’ असा तो तिच्यावर कधी ओरडत नसे.

आणि मग तो फोन आला. मॅडमकडे दिल्लीचे पाहुणे येणार होते, मोठी पार्टी होती. ‘एक दिन के लिए अपनी बाई को भेज दीजिए न. यहीं ताज़ा बना देगी. गाड़ी भेज दूँगी.’ भावाने ‘जी मैडम’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग तो स्वयंपाकघरात आला. मी खाली बसून मटार सोलत होते. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि चार दाणे उचलून हातात फिरवत राहिला.

‘जिल्ह्याची लिस्ट निघणार आहे, बाई. याच महिन्यात.’

‘मग?’

‘एक बार जाऊन ये. एकच बार.’

‘काय म्हणून जाऊ?’ मी विचारलं.

त्याने हातातले दाणे परत टाकले. बाई म्हणून जा, एवढाच त्याचा अर्थ होता. मी त्याच्याकडे पाहिलं. कानशिलाचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि बसला होता तसाच, गुढियारीला पाटी फुटली की बसायचा तसा. माझं मेलीचं मन! मी म्हटलं, ‘जाते.’ आणि त्याच क्षणी मला स्वतःचा राग आला, तो आजही गेलेला नाही. त्याच्या चुकीत मीही माझा हात घातला तो त्या एका शब्दाने.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बंगल्याच्या फाटकाशी ड्रायव्हर म्हणाला, ‘बाई, पीछे से जाना.’ मागच्या दाराने गेले. आत मॅडमची कामवाली होती, जी डाळ जाळते म्हणायचे ती. धमतरीकडची, माझ्याच वयाची. मी पिशवीतून चक्का काढला तर तिने आधी मला वेताच्या मोड्यावर बसवलं आणि म्हणाली, ‘चाय पी ले बहिनी, काम त होतेच रइही.’ तिच्या स्टीलच्या ग्लासात तिने मला चहा दिला, स्वतःला वाटीत ओतून घेतला. बहिनी म्हणाली मला. त्या घरात, आणि गेल्या सहा महिन्यांत, मला बहीण म्हणणारी ती एकटीच. हिच्यासारखी समजली जाते म्हणून मी सहा महिने जळत होते आणि हिने मला विचारलंही नव्हतं, तू कोण. मला माझी लाज वाटली. पण ती लाज वाटून भावावरचा राग कमी झाला असं काही नाही. उलट वाढला.

मॅडम मधे एकदा डोकावून गेली. चांगल्या मूडमध्ये होती. ‘बाई, कब से हो उनके यहाँ?’

मी म्हटलं, ‘जब से वो पैदा हुआ.’

‘अच्छा! इतनी पुरानी? ऐसी बाई अब कहाँ मिलती है,’ ती म्हणाली आणि गेली. मी खोटं बोलले नव्हते, आणि तिनेही ऐकलं तेच घेतलं. हसावं की रडावं ते कळेना.

अननस कापून ठेवलं होतं. मोठी परात भरून कच्चे तुकडे. मी गॅसवर पातेलं ठेवलं आणि थांबले. कशाला उकळू? असेच घालते. चार तासांनी दिल्लीचे पाहुणे पहिला चमचा तोंडात घालतील आणि थू थू करतील. मॅडमचं नाक कापलं जाईल, साहेब भावाकडे बघेल, आणि जाईल मग तो जिल्ह्यात बदलून. मूठभर तुकडे मी भांड्यावर धरले होते. शपथेवर सांगते, धरले होते. मग ते पातेल्यात टाकले आणि साखर घातली. भावाची दया आली म्हणून नाही. माझ्या हातचं बिघडलेलं मला बघवत नाही, एवढंच.

संध्याकाळी सातला माणसं जमली. दिव्यांनी बंगला लखलखत होता. भाऊ पण आला होता, पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायला आणि हवं नको बघायला. पुडिंगच्या वाट्या ट्रेमध्ये मांडून मॅडमनी मला बाहेर बोलावलं. मी एकेकाच्या पुढे ट्रे धरत गेले. त्याच्यापुढे आले. त्याने माझ्या ट्रेमधून वाटी उचलली, वाटीकडे पाहत उचलली, आणि पुटपुटला, ‘थँक यू.’ लहानपणी माझ्या हातातून घास ओढून खाणारा पोट्टा मला थँक यू म्हणाला.

पाहुण्यांनी तोंड भरून तारीफ केली. साहेब म्हणाला, ‘इनकी बाई का कमाल है,’ आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. मग मॅडम आतून एक साडी घेऊन आली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली, फुलाफुलांची, सिंथेटिक. सगळ्यांच्या समोर माझ्यापुढे धरली. ‘लो बाई, तुम्हारे लिए.’

माझा हात पुढे होईना. मुद्दाम केलं नाही, हातच उचलेना. दहाबारा माणसं बघत होती. मी मॅडमकडे पाहिलं नाही, सरळ भावाकडे पाहिलं. आता तरी बोल रे. आता साहेब आहे, दिल्लीचे लोक आहेत, याहून चांगला मोका तुला देव देणार नाही. ये मेरी बहन है. चार शब्द. त्याने माझ्याकडे पाहिलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा लोकांसमोर माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि म्हणाला,

‘ले लो बाई. मैडम इतने प्यार से दे रही हैं.’

बोलायला लागल्यापासून तो माझ्याशी एक वाक्य हिंदीत बोलला नव्हता. बाहेर दिवसभर हिंदी, पण माझ्याशी आमची घरची बोली. आणि त्या दिवशी त्याने मला हिंदीत बाई म्हटलं. हाक तीच, आवाज तोच. मॅडम सहा महिने मला तेच म्हणत होती आणि मी सहन केलं, कारण तिच्या तोंडात तो तिचा शब्द होता. आता तो त्याच्या तोंडातही तिचाच झाला. मी साडी घेतली. हात जोडले. आत आले. ओट्याशेजारी बसलेल्या त्या धमतरीच्या बाईने माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढी करत होता. मी मागे जाऊन उभी राहिले, आरशात आम्ही दोघंही दिसत होतो. मी म्हटलं, ‘आजपासून मले बाई म्हणाचं नाही.’

त्याने वस्तरा खाली ठेवला. ‘मग काय म्हणू?’

‘जे इथले लोक म्हणते ते म्हण. मले काही फरक नाही पडत.’

‘बाई, असं नको न करू.’

‘सांगितलं न तुले एकदा,’ मी ओरडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते दिसलं आणि मला बरं वाटलं. लिहितानाही सांगते, बरं वाटलं.

तो मला दीदी म्हणायला लागला. पोरंही दीदी म्हणायला लागली, ती तशीही हिंदीतच बोलायची. जिल्ह्याच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. तो मंत्रालयातच राहिला, वर चढत गेला. वर्षा-दीड वर्षात साहेब आणि मॅडम दिल्लीला गेले, दुसरे आले. नव्या लोकांसमोर तो पहिल्याच दिवशी सांगायचा, ‘ये मेरी दीदी हैं.’ लोक उठून नमस्कार करायचे. त्यानंतर मला कोणीही, कधीही कामवाली समजलं नाही. भावजय एकदा म्हणाली, ‘आता झालं न तुमच्या मनासारखं?’ मी म्हटलं, झालं.

पण दीदी म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप हिंदीतच येतं, हे मला ठाऊक नव्हतं. ‘दीदी, खाना हो गया?’ ‘दीदी, दवाई ली?’ आधी अधूनमधून, मग नेहमीच. चांगलं बोलायचा, अदबीने बोलायचा. आप म्हणायचा मला. तू म्हणणारा, माझ्यावर चिडणारा, ‘साहेबाले मारून टाकतं काय’ म्हणून हसणारा जो होता, तो कुठे गेला कोण जाणे. मी कधी मराठीत बोलले तर त्याला समजायचं सगळं, उत्तर मात्र हिंदीत द्यायचा.

मागच्या वर्षी तो रिटायर झाला. निरोपाच्या कार्यक्रमाला मला पहिल्या रांगेत बसवलं. माइकवर म्हणाला, ‘मेरी माँ बचपन में गुज़र गईं. मेरी दीदी ने मुझे पाला. आज जो भी हूँ, इन्हीं की वजह से हूँ.’ सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला शाल दिली. ज्या वाक्याची मी सहा महिने वाट पाहिली होती ते वाक्य त्याने शंभर माणसांसमोर म्हटलं, आणि मी तिथे बसून विचार करत होते की ही दीदी कोण.

घरी येताना गाडी तो चालवत होता. मी मागे होते. काय वाटलं मला कोणास ठाऊक, अभिमान बिभिमान सगळा गिळला आणि म्हटलं, ‘ऐक न रे. एक बार मले बाई म्हण.’

त्याने आरशातून पाहिलं. ओठ हलवले. मला वाटलं म्हणतो आता. मग तो कसनुसा हसला आणि म्हणाला, ‘क्या दीदी, अब तो आदत ही छूट गई.’